मंजूर हिरवा

हिरव्या रंगाचे प्रकार किती, असं गुरुरावांना त्या सभेत कुणीही विचारलं नव्हतं. सभेच्या पत्रिकेवर पिण्याच्या पाण्याचा फिल्टर होता, मागच्या फाटकाचं कुलूप होतं आणि शेवटी चहा होता. जूनमधल्या शनिवारची सकाळ. फिल्टर कुठल्या भिंतीला लावावा यावर पाऊण तास वाद होऊन तो आहे त्याच भिंतीवर राहील असं ठरलं होतं आणि पालक चहाच्या दिशेने चुळबुळ करू लागले होते. तेवढ्यात गुरुराव उभे राहिले. ते म्हणाले, की आपण मघापासून खिडकीतून मुलींची प्रार्थनेची रांग बघतो आहोत, आणि तिच्यात आपण स्कर्टांचे अकरा हिरवे मोजले. या शाळेचा गणवेश हिरवा आहे असं आपण ऐकून होतो. अकरा तऱ्हांचा हिरवा आहे असं कुणी सांगितलं नव्हतं.

असं बोलण्याचा अधिकार आपल्याला जन्माने मिळाला आहे, अशी गुरुरावांची समजूत होती. म्हैसुरात ज्या मराठी घरांनी पिढ्यानपिढ्या कापडं रंगवली आणि छापली, त्यांतलं त्यांचं एक. आजोबांपर्यंत घरात निळीचे रांजण होते. वडील बँकेत चिकटले आणि रांजणांत नळाचं पाणी साठू लागलं. गुरुराव स्वतः बेळगोळला एका पाइपांच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. हयातीत त्यांनी रंगवलं असेल ते फक्त स्कूटरचं मडगार्ड, आणि तेही अर्ध्यावर सोडलेलं. पण रंग रक्तात असतो असं ते म्हणत, आणि हे तपासून बघण्याची वेळ कधी आली नव्हती.

हेडमास्तर नरसिंहमूर्ती असा एखादा पालक उगवावा म्हणून वीस वर्षं वाट बघत होते. कडक माणूस, पण कडकपणाला कारण होतं. ते लहानपणी येलवालच्या पलीकडच्या खेड्यातून चालत शाळेत यायचे. अंगात एकच सदरा, आणि शेजारी सावकाराचा मुलगा, त्याचा सदरा रोज वेगळा. मग शाळेने गणवेश दिला, आणि पहिल्याच दिवशी मास्तरांनी पाठमोऱ्या नरसिंहमूर्तींना सावकाराच्या मुलाच्या नावाने हाक मारली. त्या चुकीचा आनंद त्यांना अजून पुरत होता. हा प्रसंग त्यांनी सभेत सांगितला तेव्हा दोन आयांनी डोळ्यांना पदर लावला आणि चहा आणखी दहा मिनिटं लांबला.

त्याच सभेत समवस्त्र समिती स्थापन झाली. गुरुराव अध्यक्ष, आणि बाकीचे सदस्य नंतर नेमायचे होते ते अजून नेमायचे आहेत. लष्कर मोहल्ल्यातल्या गणवेशाच्या दुकानातून मूळ कापडाचा चार बोटं रुंद तुकडा आणून तो पांढऱ्या कार्डावर स्टेपल केला गेला. कार्डावर ‘मंजूर हिरवा’ असं लिहून खाली हेडमास्तरांचा शिक्का आणि गुरुरावांची सही. यापुढे प्रत्येक स्कर्ट या तुकड्याशी ताडून बघायचा, आणि जो जुळणार नाही त्याच्या मालकिणीने प्रार्थनेला आणि कार्यक्रमांना बाजूला उभं राहायचं. एकदा नियमांना सुरुवात झाल्यावर मग लोकांनाही हुरूप आला. कुणी रिबिनीची रुंदी सुचवली, कुणी मेंदी बंद केली, कुणी नखं धरली. स्कर्ट गुडघ्याखाली चार बोटं असावा, हे एका आजोबांनी सुचवलं. प्रत्येकाला दुसऱ्याच्या मुलीसाठी एक नियम हवा होता.

जुलैभर फाटकापाशी कवायतीचे मास्तर पुनीत हातात कार्ड घेऊन उभे असत. पोरगा तरुण, प्रामाणिक आणि नियमाला बांधलेला. न जुळणाऱ्या मुली करंजाच्या झाडाखाली उभ्या राहत. रोजचा आकडा गुरुराव संध्याकाळी मुलीकडून काढून घेत आणि तो ऐकत समाधानाने जेवत.

ही त्यांची मुलगी स्पंदना, त्याच शाळेत नववीत. ती बोलत नसे. म्हणजे तिला बोलता येत होतं, पण घरात आजी, आई आणि वडील ही तीन माणसं कायम एकाच वेळी बोलत असल्यामुळे तिला अजून जागा मिळालेली नव्हती. सहावीपासून ती शाळेच्या बँडमध्ये होती आणि तीन वर्षं तिने मागच्या रांगेत झांजा धरल्या होत्या. यंदा पुनीत मास्तरांनी तिच्या गळ्यात मोठा ढोल अडकवला. पंधरा ऑगस्टला मैदानावर सगळ्या शाळांचे बँड वाजणार होते, आणि या बँडचा ढोल स्पंदनाचा होता. त्या दिवशी ती घरात शिरली आणि कुणी न विचारता म्हणाली, ‘मला ढोल मिळाला.’ आजीने ताबडतोब तिच्यावरून मीठ-मिरच्या ओवाळल्या. गुरुरावांनी तो ढोल ऐकला मात्र नव्हता. सराव साडेतीनला असे, आणि साडेतीनला ते बेळगोळला पाइपांचे सांधे मोजत असत.

आता गंमत अशी, की स्पंदनाचा स्कर्ट सातवीतला. दोन वर्षांच्या धुण्याने तो विटला होता, पण पुनीत मास्तर अध्यक्षांच्या मुलीला कार्ड लावायला लाजत आणि तिच्या नजरेला नजर न देता आत सोडत. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मात्र त्यांचा नाइलाज झाला. स्पंदना उन्हाळ्यापासून वाढतच होती, आणि स्कर्ट गुडघ्याच्या वर दोन बोटं गेला होता. हे लांबून दिसत होतं. त्यांनी तिला हळूच सांगितलं आणि गुरुरावांच्या बायकोने, चैत्राने, त्याच रात्री खालची दुमड उसवून स्कर्ट लांब केला.

त्या उसवलेल्या पट्टीने घात केला. दोन वर्षं आत दडलेलं कापड नव्यासारखं गर्द होतं. वरचा सगळा स्कर्ट फिका आणि खाली लांबूनही दिसेल असा गर्द पट्टा. लांब ठेवला तर रंगाचा नियम मोडत होता, आखूड ठेवला तर गुडघ्याचा.

गुरुराव लष्कर मोहल्ल्यात दुकानदाराकडे गेले. दुकानदाराने सांगितलं की गिरणीने हा रंगच जूनमध्ये बंद केला. नवा येईल सप्टेंबरात, पण तो स्वल्प वेगळा असेल. ‘तुमच्या कमिटीनं नेला ना, तोच शेवटचा तुकडा,’ तो म्हणाला.

घरी आल्यावर चैत्रा म्हणाली, “हेडमास्तरांना सांगा की. एक पत्र दिलं तर सोडतील. चार दिवसांचा प्रश्न हाय.”

“अध्यक्षाच्या मुलीला सूट? लोक काय म्हणतील?”

“लोक काई म्हणणार नाईत. तुमी अध्यक्ष हाय हेच लोकांना ठाऊक नाई.”

हे गुरुरावांना लागलं. शिवाय हेडमास्तरांनी फर्मान काढलं होतं, की तेरा तारखेला, बुधवारी, रंगीत तालमीआधी सगळ्यांची एकदम तपासणी होईल, आणि जिचा स्कर्ट जुळणार नाही ती बँडमध्ये राहणार नाही. स्पंदना बाहेर गेली तर ढोल दहावीतल्या चंदनाकडे जाणार होता. चंदना उंच होती आणि तिचा स्कर्ट नवा होता. हे सगळं स्पंदनाने घरात सांगितलं नाही. ती फक्त त्या रात्री जेवली नाही.

ते पान तसंच उचललं गेलं तेव्हा गुरुरावांनी निर्णय जाहीर केला. आपण स्कर्ट रंगवायचा. रंगाऱ्याच्या घरात रंगासाठी कुणापुढे हात पसरायचे नाहीत.

त्यांच्या आई, लक्ष्मीदेवी, सत्तरी ओलांडलेल्या. त्या या घरात सून म्हणून आल्या तेव्हा शेवटचे दोन रांजण चालू होते. त्या जपमाळ बाजूला ठेवून म्हणाल्या, “गुरू, ते टेरिकॉट हाय. सुताला चढतो तो रंग त्याला धड चढत नाई. शिवाय आदी जुना रंग उतरवावा लागतो. आणि तांब्याच्या भांड्यात तर घालूच नको, रंग काळवंडतो.”

“आई, तू सुम्ने बस गं. मी बघतो.”

लक्ष्मीदेवी सुम्ने, म्हणजे गप्प, बसल्या. पन्नास वर्षं त्या घरात त्यांना हेच सांगितलं गेलं होतं, आणि दर वेळी पुढे काय झालं हे त्यांच्या लक्षात होतं.

शनिवारी गुरुरावांनी शाळेत जाऊन ‘समितीच्या तपासणीसाठी’ म्हणून मंजूर हिरव्याचं कार्ड दोन दिवस घरी मागितलं. पुनीतने रजिस्टर काढून त्यांची सही घेतली. कारखान्यात गुरुराव स्वतः सह्या घेणारे, त्यामुळे ही शिस्त बघून त्यांना भरून आलं. मग लष्कर मोहल्ल्यातून हिरव्या रंगाच्या तीन पुड्या आल्या, आणि रविवारी दुपारी न्हाणीघरात तांब्याच्या हंड्यात पाणी उकळायला लागलं. आंघोळीचा हंडा तांब्याचाच होता, आणि दुसरं एवढं मोठं भांडं घरात नव्हतं.

खालच्या मजल्यावर वेंकोजीराव राहत. त्यांचे पूर्वज महाराजांच्या घोडदळात होते. ते स्वतः पोस्टातून निवृत्त झाले होते, पण चालताना टाचा जुळवत. वास आल्यावर ते वर आले, दारात उभे राहून त्यांनी परिस्थितीचं निरीक्षण केलं आणि मीठ घालायला सांगितलं. मीठ घातलं. मग त्यांनी लिंबू सुचवलं. लिंबू पिळलं.

“आमच्या पणजोबांच्या पलटणीत,” ते म्हणाले, “एक बटण तुटलं तर त्या दिवसाचा शिधा बंद. घोड्याचा चालू, माणसाचा बंद. अशी शिस्त पाहिजे, गुरुराव. तुमचं कौतुक वाटतं.”

गुरुराव त्या वेळी एका हाताने काठीने स्कर्ट ढवळत होते आणि दुसऱ्या हातात मंजूर हिरवा धरून रंग ताडत होते. तो त्यांनी कार्डावरून सोडवून घेतला होता, कारण कार्डाच्या पांढऱ्याने डोळा फसतो असं त्यांना अचानक जाणवलं. ही त्यांची रंगाऱ्याच्या धंद्यातली पहिली आणि शेवटची सूक्ष्म जाणीव. कौतुक ऐकून ते मागे वळले आणि तुकडा हंड्यात गेला.

पुढचा तासभर तिघांनी तो शोधला. गुरुराव काठीने, वेंकोजीराव सूचनांनी आणि स्पंदना दोन्ही हात घालून, कारण तोवर आच बंद करून पाणी कोमट होऊ दिलं होतं. तुकडा तिलाच सापडला.

गुरुरावांनी स्कर्ट दोन्ही हातांनी पिळून दोरीवर टाकला. वाळल्यावर पाहिलं तर दोन गोष्टी झाल्या होत्या. एक म्हणजे स्कर्टावरचा पट्टा गेला होता. फिका भाग आणि गर्द भाग दोन्ही तीन पुड्यांखाली गाडले गेले होते. दुसरी म्हणजे जो रंग झाला होता त्याला नाव नव्हतं. अर्ध्या धाग्यांनी रंग घेतला होता, अर्ध्यांनी नाकारला होता, आणि तांब्याने उरलेलं काम केलं होतं. जुन्या विहिरीच्या पायरीवरचं शेवाळ वाळल्यावर दिसतं तसं काहीतरी. आणि मंजूर हिरव्याचा तुकडा हुबेहूब त्याच रंगाचा झाला होता.

लक्ष्मीदेवींनी दोन्ही बघितले आणि पुन्हा जपमाळ घेतली. न बोलण्यातही माणूस किती बोलू शकतो, हे गुरुरावांना त्या संध्याकाळी कळलं.

एवढ्यात खालून भागीरथीबाईंची, म्हणजे वेंकोजीरावांच्या पत्नीची, हाक आली. वरच्या दोरीवरचा स्कर्ट खालच्या दोरीवर ठिबकला होता, आणि खालच्या दोरीवर वेंकोजीरावांचा पांढराशुभ्र पंचा होता, पंधरा ऑगस्टला गल्लीतल्या झेंडावंदनासाठी धुतलेला. गुरुराव धावत खाली गेले. वेंकोजीरावांनी पंचा दोन्ही हातांत धरून शांतपणे पाहिला. “पांढरा होता,” ते म्हणाले, “हिरवा तुमी केलात. आता केशरी कुणाकडनं करून घेऊ?”

त्या तुकड्याचं काय करायचं, हे गुरुराव रात्रभर ठरवत होते. सांगून टाकावं हे त्यांना पहिल्यांदाच सुचलं होतं, पण ते सांगताना स्वतःचा चेहरा कसा दिसेल हेही सुचलं. सकाळी त्यांनी तुकडा पुन्हा कार्डावर स्टेपल केला. शिक्का तोच, सही तीच. सहीकडे बघितलं की तुकडाही खरा वाटत होता. पंधरा तारीख होऊन जाऊ दे, मग सांगू, असं म्हणून त्यांनी कार्ड पुनीतच्या हवाली केलं, रजिस्टरात सही केली आणि बेळगोळची बस पकडली.

दहा वाजता पुनीतचा फोन आला. सोमवार-मंगळवार स्कर्टांची तपासणी नव्हती, फक्त हात आणि नखं बघत होते, आणि स्पंदनाचे हात कोपरापर्यंत हिरवे होते.

“मेंदी नाहीये ती,” गुरुराव म्हणाले.

“गोत्तु सार,” मला ठाऊक आहे, असं पुनीत म्हणाला. “पण हाताला रंग नको असा नियम आहे. नीवे माडिद रूलु अल्वा सार?” तुम्हीच केलेला नियम नाही का, हे त्याने इतक्या आदराने विचारलं की गुरुरावांना रागावताही येईना. पालकाचा लेखी खुलासा हवा होता. तो गुरुरावांनी स्टोअरच्या टेबलावर बसून लिहिला आणि फोनवरून पाठवला. पहिल्या मसुद्यात खरं कारण होतं, ते खोडलं. दुसऱ्यात बागकाम होतं, पण घराला बाग नव्हती. शेवटी लिहिलं की मुलीच्या हातांना आलेला रंग वंशपरंपरागत व्यवसायामुळे आलेला आहे. हेडमास्तरांनी त्यावर ‘परंपरेचा आदर राखून परवानगी’ असा शेरा मारला. तो शेरा वाचून गुरुरावांना आपल्या हिरव्या हातांनी तोंड झाकावंसं वाटलं. कारखान्यात त्या दिवशी ज्याने त्याने त्यांना हातांबद्दल विचारलं होतं, आणि ते ज्याला त्याला वेगळं उत्तर देत होते.

बुधवारी पावणेतीनला पुन्हा पुनीतचा फोन आला. आवाज बसलेला होता.

“सार, अख्खी शाळा नापास झाली. चारशे मुली. नवा स्कर्टसुद्धा जुळत नाही. ओब्बळे पास् सार.”

एकच मुलगी पास झाली. कोण, हे त्यांनी विचारलं नाही.

“हेडमास्तर म्हणतात, अध्यक्षांना बोलवा. आणि सार, बँडमध्ये आता एकटी स्पंदना उरली आहे.”

गुरुरावांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. बेळगोळहून येणारी बस त्या दिवशी प्रत्येक थांब्यावर थांबली, आणि प्रत्येक थांब्यावर गुरुरावांच्या मनात एक नवी सबब आली. ट्यूबलाइटचा उजेड. दमट हवा. शाईचा परिणाम. पाचव्या थांब्याला एक फार वाईट विचार आला, तो असा, की काही बोललंच नाही तर काय होईल? कागदोपत्री स्पंदनाचा स्कर्ट सगळ्या शाळेत एकमेव बरोबर होता. ढोल तिचाच राहत होता. नियमात तसं बसत होतं, आणि नियम त्यांचा होता.

शाळेच्या मैदानात शिरल्यावर त्यांनी जे पाहिलं ते त्यांना बसमध्ये दिसलं नव्हतं. करंजाच्या झाडाखाली बँडच्या तीस मुली खाली मान घालून उभ्या होत्या. बाकीच्या वर्गांच्या खिडक्यांत डोकी होती. मैदानाच्या मधोमध एकटी स्पंदना, गळ्यात तो भला मोठा ढोल, हातात दांडकी. झाडाखालच्या मुली तिच्याकडे बघत नव्हत्या. त्या मुद्दाम बघत नव्हत्या, आणि ते तिला कळत होतं. आपल्या मुलीने तिथे उभं राहावं म्हणून गुरुरावांनी हे सगळं केलं होतं, आणि ती तिथे उभी होती, आणि इतकं एकटं माणूस त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं.

नरसिंहमूर्ती कार्ड हातात घेऊन पुढे आले. “गुरुराव, हे काय आहे? तुम्ही रंगातले माणूस. तुम्हीच सांगा.”

गुरुरावांनी घसा साफ केला. सांगितलं तर स्पंदनाचा स्कर्ट खोटा ठरणार होता आणि ढोल जाणार होता. त्यांनी घसा आणखी एकदा साफ केला. तेवढ्या वेळात स्पंदनाने त्यांच्याकडे पाहिलं, पट्टा डोक्यावरून काढला, ढोल अलगद जमिनीवर ठेवला आणि ती चालत झाडाखाली जाऊन त्या मुलींच्या शेजारी उभी राहिली. कुणी तिला सांगितलं नव्हतं.

मग गुरुराव बोलले. सगळं बोलले, कन्नडमध्ये, चढ्या आवाजात, दोन्ही हात पुढे करून. हंडा, तीन पुड्या, मीठ, लिंबू, पट्टा, तुकडा, स्टेपलर. वंशपरंपरागत व्यवसायही सांगितला. आईने आधीच सांगितलं होतं हेही सांगितलं. खिडक्यांतून कुणीतरी हसलं आणि मग बरेच जण हसले. हसू दिसू नये म्हणून पुनीतने रजिस्टर उघडून त्यात डोकं घातलं.

नरसिंहमूर्ती हसले नाहीत. त्यांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. “मग आता खरा हिरवा कुठला?” त्यांनी विचारलं. “दुकानात नाही, गिरणीत नाही, आणि हा असा. मी ताडून बघू कशाशी?”

गुरुरावांनी झाडाखालच्या मुलींकडे पाहिलं. तिथे गर्द होते, मध्यम होते, पार पिस्त्यावर आलेले होते. त्यातला एक स्कर्ट कमरेत चुण्या घालून आवळला होता, म्हणजे तो मोठ्या बहिणीचा होता. जूनमध्ये खिडकीतून हेच त्यांनी मोजलं होतं. त्यांना एकदम लाज वाटली.

“सर,” ते म्हणाले, “रंग पाण्यात उतरतोच. दर धुण्याला थोडा. हे रंगाऱ्याच्या घरातल्या पोरालाही कळतं, मला कळलं नाही. मी त्या दिवशी अकरा हिरवे मोजले ते रंग नव्हते. कुणाचा स्कर्ट किती वर्षांचा आहे आणि कुणाकडून आला आहे, ते मी मोजलं आणि भर सभेत सांगितलं. तुमच्या गणवेशाने जे झाकलं होतं ना, ते मी उघडं केलं.”

नरसिंहमूर्तींचं लक्ष त्या चुण्या घातलेल्या स्कर्टाकडे गेलं आणि तिथेच राहिलं. येलवालच्या पलीकडचा तो पोरगा त्या वेळी त्यांच्या मनात आला असावा, कारण त्यांचा आवाज एकदम खाली आला. जुलैभर आपण कुणाला या झाडाखाली उभं केलं, हे त्यांनी पुनीतला विचारलं. पुनीतने रजिस्टरातली नावं वाचायला सुरुवात केली. पाचव्या-सहाव्या नावाला हेडमास्तरांनी हात वर करून त्याला थांबवलं.

“समितीचा काही ठराव आहे का, अध्यक्ष?”

“आहे,” गुरुराव म्हणाले. समितीत दुसरं कुणी नसल्यामुळे तो एकमताने मंजूर होणार होता. “स्कर्ट हिरवा असावा. धुतलेला असावा. बस्स.”

“गणवेश राहणार,” नरसिंहमूर्ती बजावून म्हणाले.

“राहू दे सर. गणवेश चांगलाच आहे.”

“नखंही कापलेली पाहिजेत.”

“हो सर.”

हेडमास्तरांनी कार्ड खिशात घातलं आणि आभाळाकडे पाहिलं. चामुंडी टेकडीच्या अंगाने ढग चढत होते. “पुनीत, पाऊस यायच्या आत तालीम करा,” एवढं बोलून ते वळले.

मुली झाडाखालून हलेनात. मग दहावीतली ती उंच चंदना पुढे गेली, तिने जमिनीवरचा ढोल उचलला आणि दोन्ही हातांनी तसाच धरून उभी राहिली, स्पंदना येऊन पट्ट्यात डोकं घालेपर्यंत. त्यानंतर बाकीच्या पटापट आपल्या जागी आल्या. झांजा वाजल्या, बिगुल वाजलं, आणि मग ढोलाचा पहिला ठोका पडला.

गुरुराव दचकले. तो आवाज त्यांच्या छातीत येऊन बसला. दुसरा ठोका पडला, तिसरा पडला, आणि सगळा बँड त्या ठोक्यावर पाऊल टाकून पुढे निघाला. घरात जिचा चमचाही वाजत नाही, ती तीस मुलींना चालवत होती. त्यांचे डोळे भरून आले आणि ते पुसताना गालावर थोडा हिरवा रंग आला, पण ते सांगायला शेजारी कुणी नव्हतं.

तालीम संपली आणि पाऊसही आला नाही. बापलेक चालत घरी निघाले. गुरुरावांना बरंच काही सांगायचं होतं, पण सुरुवात सापडत नव्हती, आणि अशी वेळ त्यांच्यावर फारशी येत नसे. कोपऱ्यावर स्पंदनाच बोलली.

“अप्पा, पुढच्या मीटिंगला तुमी जाऊ नका. आई जाऊ दे.”

गुरुरावांना थोडं लागलं. ते ‘बरं’ म्हणाले.

बरंच अंतर गेल्यावर ती म्हणाली, “तुमी बँडाला या. परवा. पुढं उभं राहा, मला दिसाल असं.”

“येतो,” गुरुराव म्हणाले. आणि पाच पावलांनी पुन्हा म्हणाले, “येतो.”